चष्मा घरी राहिला

...आणि तो नियम कुठे लिहिला होता, माहितीये? माझ्या डोक्यावर! डोक्यावर म्हणजे अगदी डोक्यावर, पेन्शनच्या कचेरीच्या भिंतीवर, वीतभर अक्षरांत, आणि त्याच्याच खाली मी पावणेदोन तास बसलो होतो, आंघोळबिंघोळ करून, लग्नातला कोट चढवून, टोपी मांडीवर घेऊन! येणारा-जाणारा वर बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग गालातल्या गालात हसायचा... मला वाटलं, कोट शोभून दिसतोय. आता तुम्ही म्हणाल, मर्व्ह, लेका, मान वर करून वाचायला काय झालं होतं तुला? तर त्याचं काय आहे... चष्मा घरी राहिला होता.

थांबा. खोटं बोललो. जित्याची खोड, हो. मला चष्माच नाही! बहात्तर वर्षांचा झालो, पण पलीकडच्या कुंपणात अडकलेलं मेंढरू कुणाचं ते इथून कानाच्या खुणेवरून सांगेन. डोळे शाबूत आहेत. वाचता येत नाही, एवढंच. लाज वाटते सांगायला, पण साऱ्या गावाला कळलंय, मग तुमच्यापासून काय लपवायचं!

तेराव्या वर्षी शाळा सोडली आणि लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीत शिरलो. तिथे कुणी धडा वाचून दाखव म्हणतं का? मेंढरू धरा, पोट कातरा, पाठ कातरा, सोडा, दुसरं धरा. आकडे येतात मला, दिवसाची दीडशे मेंढरं मोजलीत मी, पण अक्षरं... अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या! मग कुणी कागद पुढे केला की आपलं ठरलेलं, चष्मा घरी राहिला. आमच्या लॉन बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या, क्लबात दर शुक्रवारी फळ्यावर जेवणाची यादी असते, मी फळ्याकडे बघून डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "चष्मा घरी राहिला, मला आपलं पार्मा आण." पार्मा म्हणजे तेच, कोंबडी थापून तळायची, वर टोमॅटो, वर चीज. एकतीस वर्षं पार्मा खातोय मी! तुम्हाला म्हणून सांगतो... मला चीज आवडत नाही हो!

घरात मात्र काही अडलं नाही. आमची नोलीन, माझी बायको, सेहेचाळीस वर्षं तिनं सगळं वाचलं. बिलं वाचली, बँकेची पत्रं वाचली, पेपरातला फुटबॉल वाचला, आणि चारचौघांत कधी हूं की चूं केलं नाही. आणि दोन वर्षांपूर्वी तिच्याच डोळ्यांना दुखणं लागलं. कडेकडेनं दिसतं, मधलं दिसत नाही. वर मलाच म्हणते, "मर्व्ह, तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. देव दयाळू आहे."

तर तिच्या गोळ्या माझ्याकडे आल्या. सोपं होतं, निळं खोकं सकाळी, ते रक्तदाबाचं, पांढरं खोकं निजताना, ते झोपेचं. आणि त्या औषधवाल्यानं काय करावं? कंपनी बदलली! आता पांढरं ते रक्तदाबाचं, निळं ते झोपेचं. वर म्हणतो कसा, "सगळं खोक्यावर लिहिलंय, मर्व्ह, एकदा वाचून घे हं." मी म्हटलं, "घरी गेल्यावर वाचतो. चष्मा घरी राहिला."

चार दिवस! चार दिवस मी त्या बाईला न्याहारीबरोबर झोपेची गोळी दिली! आणि चौथ्या दिवशी तिच्या बहिणीची, जॉइसची, सत्तरी. तीस माणसं जेवायला, मधोमध तो पावलोव्हा, एवढा थोरला फुगीर केक, वर साय, सायीवर स्ट्रॉबेऱ्या. सगळे गाणं म्हणतायत, आणि आमची नोलीन हळूहळू पुढे झुकतेय, झुकतेय... मला वाटलं वास घेतेय... आणि गेली की तोंडानिशी सायीत! जॉइस किंचाळली, "नोलीन! भर दुपारी शेरी ढोसलीस? अगं, जनाची नाही तर मनाची तरी!" तीस माणसांदेखत. आणि नोलीन नाकावरची साय पुसत म्हणतेय, "मी काही घेतलं नाही गं, खरंच काही घेतलं नाही..."

त्याच संध्याकाळी औषधवाल्याला फोन केला, आडून आडून रंग विचारले, आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. आता बोलायचं ना? शहाणा माणूस बोलला असता. मी बोललो नाही. खोकी गपचूप बदलली. आणि सकाळी ती चहा घेताना म्हणते, "मर्व्ह, आईचं असंच सुरू झालं होतं रे. आधी भलत्या वेळी झोप, मग माणसं ओळखेना. माझं डोकं चाललंय का रे?" आणि मी... मी टोस्टला लोणी लावत बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सेहेचाळीस वर्षं जिनं माझी अब्रू झाकली, तिला मी वेड लागल्याच्या भीतीत ठेवलं, का, तर माझ्याकडून चूक झाली म्हणायला जीभ रेटेना!

म्हणून शिकायला लागलो. मोठ्यांसाठी वाचनाचा वर्ग असतो, पण तो नव्वद किलोमीटरवर, आठवड्यातून दोनदा. घरी काय सांगितलं? दात! क्लबात काय सांगितलं? दात! सात आठवडे दात दाखवतोय. आमचा ब्लूई, केस लालभडक म्हणून आमच्याकडच्या उलट्या रीतीनं नाव ब्लूई, म्हणजे निळ्या, तो क्लबात सगळ्यांसमोर म्हणाला, "मर्व्ह, तुला एकूण दात किती आहेत रे? मगर आहेस का?" आणि पेट्रोल तर रक्तासारखं जातंय. अशात रेडिओवर ऐकलं, शिकणाऱ्या पेन्शनरांना सरकार पैसे देतं. मी उडालोच. मी पेन्शनर आहे की नाही? आहे! मी शिकतोय की नाही? शिकतोय! कोट घातला आणि निघालो.

पावणेदोन तासांनी नंबर लागला. खिडकीत कोण, तर टीगन! माझ्या लोकर कातरतानाच्या जुन्या जोडीदाराची नात, हिला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय. "अय्या, मर्व्हकाका! हा फॉर्म भरा हं." मी म्हटलं, "पोरी, चष्मा घरी राहिला." तर तिनं खालून डबा काढला, डबा! त्यात वीस चष्मे! "कुठलाही घाला, काका, सगळेच विसरतात." एक घातला. अक्षरं अधिकच हलायला लागली. दुसरा घातला. तो गुलाबी, कडेला खडे. माझी नजर चांगली, त्यात वर हे भिंग, मला भिंत जवळ आल्यासारखी वाटली!

शेवटी तिनंच विचारून विचारून भरला. मग तिचा चेहरा पडला. "काका, तुमचं पेन्शन म्हातारपणाचं ना? म्हातारपणाच्या पेन्शनवर नाही मिळत हे. अपंगांच्या पेन्शनवर मिळतं, आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांच्या पेन्शनवर मिळतं. तुमच्या मागे पाटीच आहे बघा." आता काय करावं मी? हो म्हणावं आणि निघावं! पण नाही, माझी सटकली. "म्हणजे म्हातारा शिकत नाही? म्हाताऱ्याची गाडी पाण्यावर चालते?" ती म्हणाली, "काका, नियम आहे, मी काय करू? तुम्ही अपंग असता तर गोष्ट वेगळी." आणि मी, गुलाबी चष्मा नाकावर, टेबलावर मूठ आपटून ओरडलो, "अगं, मला वाचता येत नाही! एक ओळ वाचता येत नाही! हे काय धडधाकट माणसाचं लक्षण आहे?"

साऱ्या कचेरीच्या माना वळल्या. आणि मागून आवाज आला, "मर्व्ह?" रांगेत कोण? ब्लूई! अख्ख्या गावात हाच सापडला होता त्या दिवशी!

त्यानं चेष्टा केली नाही हो, तेच तर वाईट. पुढच्या शुक्रवारी क्लबात गेलो, तर ब्लूई उठला, फळ्याजवळ गेला आणि मोठ्यानं, जणू स्वतःशीच, वाचायला लागला, "आज मासा आहे... मेंढीचं रोस्ट आहे... मशरूमचं पॅटिस आहे..." सगळे आपापल्या ग्लासात बघतायत. एकतीस वर्षांनी मला कळलं की रोस्ट मिळतं! काउंटरवरची बाई म्हणाली, "मर्व्ह, काय देऊ?" माझा चेहरा असा तापला होता की... म्हटलं, "पार्मा."

दहा दिवसांनी सरकारी पत्र आलं. नोलीन म्हणाली, "ठेव, जॉइस आली की वाचेल." मी म्हटलं, "बस. मी वाचतो." बसली. एका पानाला पाऊण तास लागला. बोट ठेवून, घाम पुसत, चहाचं सरबत झालं. "आपला... अर्ज... मिळाला. आपण... या मदतीस... पात्र... नाही." आयुष्यात पहिलं पत्र वाचलं, तर त्यात नकार! मी वर बघितलं तर ती रडतेय. म्हणते, "मर्व्ह, तू वाचलंस रे!" मग डोळे पुसून म्हणते, "पण आताच का? इतकी वर्षं मी मागे लागले होते तेव्हा नाही, आणि आता दातांच्या नावाखाली?"

आणि मग सगळं बाहेर पडलं. निळं खोकं, पांढरं खोकं, साय, शेरी, लोणी, सगळं. मान खाली घालून बसलो. वाटलं, आता ही बॅग भरणार. तिनं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?" मी म्हटलं, "ठणठणीत आहे." "म्हणजे तीन महिने मी रोज सकाळी मनातल्या मनात नातवंडांची नावं घोकतेय, ती उगाच?" मी मान डोलावली. इतकी हसली, इतकी हसली, आणि हसता हसता उशी घेऊन मारलं मला. कडेकडेनं दिसतं म्हणे! एक नेम चुकला नाही!

मग फोन उचलून माझ्या हातात दिला. "लाव जॉइसला. सांग तिला, शेरी नव्हती, तू होतास. आणि त्या दिवशीच्या बाकी एकोणतिसांनाही एकेक करून."

एकोणतीस झाले. आकडे येतात ना मला, सगळे नंबर बिनचूक लागतात. राहिली ती एकटी जॉइस, आणि तिला काय सांगू? फोनवर चष्मा घरी राहिला असंही म्हणता येत नाही हो!