काकांना भाजीला पाठवलं

अगं, मी बालगृहातली नोकरी घेऊ नये म्हणून काकांनी बाबांचे कान भरलेले. "एवढं शिकून दुसऱ्यांची पोरं सांभाळणार?"

त्याच आठवड्यात त्यांचा ओंकार दहावीत नापास झाला आणि खोलीला आतून कडी लावून बसला. काकांनी मला वर्तकनगरला बोलावलं. मी दाराबाहेर फरशीवर गप्प बसले.

"अगं, काहीतरी समजाव त्याला!" काका ओरडत होते.

"काका, तुम्ही भाजी घेऊन या."

लिफ्ट खाली गेली आणि कडी निघाली.

काका परतले तेव्हा ओंकार माझ्यासोबत चहा-खारी खात होता.

"तू केलंस काय?"

"तुम्हाला बाहेर पाठवलं."

काकांनी तिथूनच बाबांना फोन लावला. "दादा, घेऊ दे तिला ती नोकरी." मग मला हळूच विचारलं, "कोथिंबीर राहिली. परत जाऊन येऊ का?"