भोंगा खात्यातली एक जागा

ताई : म्हणजे जागा एक, माणसं दोन, आणि मिळाली कुणालाच नाही? शाबास. एवढं जमवायला अक्कल लागते.

दाजी : तुझ्या भावाला विचार.

भाऊ : मला कशाला? साहेब म्हणाले, विजेच्या गाडीला सायलेन्सर लागत नाही, तुमची लाइन बंद. दोघांपैकी एकाला भोंगा खात्यात घेऊ.

ताई : हे आणखी काय?

दाजी : विजेची गाडी आवाज करत नाही ना. माणसाच्या अंगावर येते तरी कळत नाही. म्हणून तिला आता आवाज काढणारा भोंगा बसवायचा. आम्ही जन्मभर गाडीचं तोंड बंद केलं, आता तेच साहेब तिला बोलायला शिकवणार. याला प्रगती म्हणतात.

ताई : मग?

भाऊ : साहेबांनी एकेकट्याला बोलावून विचारलं. मी म्हटलं, दाजींना घ्या. त्यांच्यामागे दोन पोरं आहेत.

दाजी : आणि मी याचं नाव सांगितलं.

ताई : वा. घरी टीव्हीच्या रिमोटवरून एकमेकांच्या उरावर बसता, आणि साहेबांपुढे कर्णाचे अवतार.

भाऊ : दुपारी दोघांना एकत्र बोलावलं. म्हणाले, दोघांनाही रस दिसत नाही, तेव्हा बाहेरचा माणूस घेतलाय. निर्णय सोपा केलात म्हणून आभारही मानले.

ताई : आणि तुम्ही गप्प बसलात?

दाजी : चहा पाजला गं त्यांनी. बिस्किटंही होती.

ताई : मग काय, पोरांच्या शाळेत फी म्हणून तीच भरू. हसू नका.

भाऊ : दाजी, पण माझं नाव का घेतलंत? लग्न ठरलंय म्हणून?

दाजी : लग्नाशी साहेबांना काय करायचंय? म्हटलं, याच्यासारखं वेल्डिंग अख्ख्या कारखान्यात कुणाचं नाही.

भाऊ : तपासणीला तुम्हीच असता. रोज माझा माल परत कोण पाठवायचं?

दाजी : तुला त्याहून चांगलं जमतं म्हणून.

ताई : अहो, इतकी वर्षं शेजारी उभे राहिलात. एकदा तरी सांगायचंत त्याला.

दाजी : सांगितलं की. तिथल्या आवाजात याला ऐकू गेलं नसेल.