पिवळ्या गाडीची खूण

जपानी गाड्यांनी आमच्या डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांची झोप उडवली होती ना यार, तेव्हा कंपनीने मला आणि जोश्याला ओसाकाला पाठवलं. सकाळी पायी भटकायला निघताना मी म्हटलं, "हॉटेलचं नाव तरी बघून ठेव."

"कशाला? दारात ही पोचा आलेली पिवळी गाडी आहे ना, तीच खूण!" शेवटी गाड्यांचाच इंजिनिअर तो!

संध्याकाळपर्यंत आम्ही पार हरवलो. अचानक एका गल्लीत तीच गाडी दिसली. जोश्या थेट आत घुसून रूमची चावी मागायला लागला. ते निघालं गाडीमालकाचं घर! बिचाऱ्याने चहा पाजला आणि सकाळी त्याने गाडी जिथे लावली होती तिथे, त्याच गाडीतून आम्हाला आणून सोडलं.

उतरताना जोश्या मला म्हणतो, "बघ, आहे की नाही गाडी हॉटेलसमोर?"