शालनचं मांजर पुण्याला निघालं तेव्हा

मासळी बाजारात अर्धंच कानावर पडलं, "शालन लेकीकडे पुण्याक चालली, आता परत काय..." शालन माझी शेजारीण. ती गेली तर मी बोलायचं कुणाशी? बांगडे न घेताच मी परतले.

तिच्या दारात भाड्याची जीप, आत टोपलीत मांजर. तिचा नवरा नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालत होता, "म्हाराजा, आंबोलीच्या घाटात मांजराक ओकारी येव नये."

"व्हय म्हाराजा," ड्रायव्हर सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

मी विचारलं, "शालन, तू परत येतलंस ना गो?"

"नात ह्या मांजराशिवाय जेवणा नाय. मांजर तिका देतंय आणि येतंय."

आठवड्यानं शालन रिकामी टोपली घेऊन उतरली. मांजर मात्र तिकडचंच झालं.

मी विचारलं, "नात जेवता मां?"

"जेवता तर. अर्धी चपाती नातीक, अर्धी मांजराक."