हत्तीकुळाची म्हातारी

चोबे नदीवरची फेरी संपत आली, तरी हत्तींचा पत्ता नव्हता. बोटवाला ओतेंग मागच्या मायलेकींचं बोलणं ऐकत होता.

“गाओने, जन्मभर लोक मला ‘हत्ती’ म्हणून मानानं हाक मारतात, आणि मी एकही हत्ती पाहिलेला नाही!”

“आई, आपल्या कुळाचं देवकच हत्ती, म्हणून तशी हाक मारतात. तोवर पाणघोडे बघ की.”

“ते तुझ्या नवऱ्याचं देवक. तसेच लोळतात मेले. उद्या तर गावाकडे परत जायचं, गं.”

तेवढ्यात काठावरून कळप उतरला आणि पिल्लाला मधे घेऊन, सोंडा वर करून पोहायला लागला.

“अगं बाई! केवढे देखणे!”

“आजी, खाली बसा, बोट हलतेय!”

“घरची वडीलधारी समोर आल्यावर मी बसून राहू होय रे?”

ओतेंगनं इंजिन बंद केलं.