साहेबांची सोसायटी जंगलात

तुम्ही सरकारी नकाशावर भरवसा ठेवता? धन्य आहे तुमची! चहा घ्या आणि ऐका.

आमच्या ऑफिसात यमुनेच्या पुराचा डिजिटल नकाशा बनवला. उपग्रहाची चित्रं, जमिनीची उंची, सगळं बिल्कुल चोख. जिथे पाणी शिरणार, तो भाग लाल. आमचे बापटसाहेब स्क्रीन बघून ताडकन उठले.

"अरे, ही तर मयूर विहारमधली माझी सोसायटी!"

"हो सर. पाणी चढलं की खालच्या मजल्यांवरच्या लोकांना आधी हलवावं लागेल."

"कुणाला हलवायचं नाही. उद्या मंत्रालयात मीटिंग आहे. वर लाल रंग दाखवत नाहीत यार, उगाच प्रश्न विचारतात. हिरवा कर."

"पण सर, धोका..."

"हिरवा छान दिसतो."

केला हिरवा. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, साहेबांना शाल मिळाली. मग तोच नकाशा झाडं मोजणाऱ्या खात्याने मागून नेला. त्यांच्याकडे हिरवा म्हणजे जंगल! एवढे मोठमोठे पदवीधर, पण एकानेही खिडकीबाहेर डोकावून बघितलं नाही.

परवा साहेबांच्या सोसायटीला त्या खात्याची नोटीस आली. तुम्ही जंगलाच्या जमिनीवर अतिक्रमण केलंय, जागा रिकामी करा.

लगेच साहेबांचा मला फोन. आवाज इतका मवाळ, की आधी ओळखूच येईना.

"ऐक ना, माझी बिल्डिंग परत पुरात टाक."