फुगलेलं रबर

इद्रीस : गाडी टो करून आणलीस?

जुहेब : चालवत. खांबपासून.

इद्रीस : क्लच नसताना?

जुहेब : पहिल्या गियरमध्ये टाकून स्टार्टर मारला, तशीच उचलली. कोलाडला एकदा बंद पडली. परत मारला.

इद्रीस : म्हणजे माझ्याकडचं तेवढं तरी डोक्यात राहिलंय. बाकी पेणला जाऊन काय केलंस? बोर्ड रंगवलास. 'जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट'. दीड वर्षं बापाचं रोह्यातलं गॅरेज दिसलं नाय स्पेशालिस्टला, आज बरा रस्ता सापडला.

जुहेब : ही हैबतरावांची अँबॅसिडर हाय, अब्बा.

इद्रीस : मला सांगतोस? आवाजावरनं ओळखली मी, नाक्यावर होती तेव्हाच. तू रांगत होतास तेव्हापासून ही गाडी माझ्या हाताखाली हाय. यंदाच ते तुझ्या चकाचक दुकानात आले. लग्न कधी हाय त्यांच्या पोरीचं?

जुहेब : आज होतं. नम्रताला घेऊन पेणवरनं कोलाडच्या हॉलवर चाललो होतो. खांबला पेडल खाली गेलं ते वर आलंच नाय. नवरी रिक्षातून गेली.

इद्रीस : वा! शालू नेसून रिक्षात. पोरगी जन्मभर दुवा देईल तुला. काय केलं होतंस क्लचला?

जुहेब : गेल्या महिन्यात खालचा सिलिंडर गळत होता. नवा घातला.

इद्रीस : कुठला? फोनवर मागवलेला? दे इकडं, हाताला लागू दे. ह्याला सिलिंडर म्हणतोस? ह्यातनं म्हशीला दवा पाजावी. अरे, वरचा दाबतो, खालचा ढकलतो, मधे तेल. दोन सिलिंडर आणि एक नळी, एवढ्याशा कामात माती खाल्लीस.

जुहेब : वरचा खोलून आणलाय. तो बघा. म्हणून तर आलोय. वरच्याचा रबर किट बाजारात नाय मिळत, तुमच्याकडे हाय.

इद्रीस : गरज पडली की बाप आठवतो. आण. हं... रबर फुगलंय. बटणाएवढं पाहिजे, इडली झालीय त्याची. क्लचच्या टाकीतलं तेल काढलंस?

जुहेब : ह्या बाटलीत हाय.

इद्रीस : ताजुन्निसा गो, काचेच्या पेल्यात पाणी आण! आता शीक, स्पेशालिस्ट. ब्रेक ऑइलच क्लचमध्ये घालतात, आणि ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, साखरेसारखं.

ताजुन्निसा : हा घ्या पेला. जुहेब, गालाला काय झालंय रे? बोटं उठलीयत.

जुहेब : काय नाय, अम्मी.

इद्रीस : ते राहू दे. ओत तेल. ओतलंस? काय होतंय ते सांग मोठ्याने.

जुहेब : वर तरंगतंय.

इद्रीस : तरंगतंय म्हणजे जॅकचं तेल. रबराला विष. ज्या गाढवाने हे ओतलं ना, त्याला पान्याला हात लावू देऊ नये. त्याने स्टँडवर वडे तळावेत. तळता येतात का तुला?

जुहेब : मी नाय ओतलं. मी वरनं चार बोटं भरलं फक्त, सीलबंद बाटलीतलं. आत आधीचंच होतं. रंग वेगळा दिसत होता, तेव्हाच पेल्यात घालून बघायला पाहिजे होतं. तेवढी चूक माझी.

इद्रीस : मग तुझ्या दुकानातल्या त्या निलेशने ओतलं असेल.

जुहेब : निलेश पत्र्याचं काम करतो. बॉनेट पण उघडत नाय.

इद्रीस : मग ड्रायव्हरने. ड्रायव्हर लोक काय पण ओततात.

जुहेब : अब्बा, रमजानच्या आधी गाडी कुठं आली होती सर्व्हिसला?

इद्रीस : इथंच. कुठं जाणार? सगळं जुनं तेल काढलं, पाईप धुतला, नवीन भरलं. माझ्या हाताने. लोण्यासारखं चालत होतं पेडल.

(ताजुन्निसा फळीकडे जाते.)

इद्रीस : कशाला विचारतोस?

जुहेब : काय नाय.

इद्रीस : काय नाय कसं? माझ्यावर घालतोयस? चाळीस वर्षं झाली मला! डोळे मिटून भरलं तरी चुकायचं नाय.

ताजुन्निसा : ही घ्या तुमच्या फळीवरची बाटली. त्या दिवशी ह्यातलंच भरलं होतं ना? मी दुसरं पाणी आणलंय. जुहेब, ओत.

इद्रीस : ओत, ओत. बघू दे तुझ्या आईला पण.

जुहेब : ओतलं.

इद्रीस : सांग ना.

जुहेब : तरंगतंय, अब्बा.

ताजुन्निसा : ब्रेकच्या आणि जॅकच्या तेलाच्या बाटल्या सारख्या, दोन्हीवर बारीक अक्षर. रोह्याच्या डॉक्टरने मोतीबिंदू सांगितलाय, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन करा म्हणाला तर त्यालाच शिकवून आलात, डोळा म्हणजे काय कार्बोरेटर हाय का खोलायला! पोराच्या गालावर पाच बोटं उठलीयत, ती पण नाय दिसली तुम्हाला.

इद्रीस : कोणी मारलं?

जुहेब : हैबतरावांनी. हायवेवर, वऱ्हाडासमोर. म्हणाले, कोणाची चूक? मी म्हटलं, माझी.

इद्रीस : तेव्हा तुला ठाऊक होतं?

जुहेब : झाकण उघडून वास घेतला तेव्हाच कळलं.

इद्रीस : मग सांगायचं होतं! माझं नाव घ्यायला जीभ झडली होती?

जुहेब : वऱ्हाडात अर्धं रोहा होतं.

इद्रीस : मोठा आलास मेहेरबान! मी भीक मागितली होती? बापाला झाकायला निघालाय. चार पाने फिरवून स्वतःला कोण समजतोस तू?

जुहेब : कोण पण नाय. किट द्या, गाडी करायचीय.

इद्रीस : ...लोखंडी पेटीत, खालच्या कप्प्यात. आण. पाईप स्पिरिटने धू, एक थेंब राहता कामा नये. खालचं रबर पण बदल. आणि त्या सिलिंडरमध्ये करंगळी घालून बघू दे मला. ओरखडा असेल तर बोटाला कळतं. तेवढं अजून कळतं.

(दोन तासांनी. जुहेब गाडीत बसलाय, इद्रीस बॉनेटला टेकून उभा.)

इद्रीस : दाब. सोड. परत दाब. पाईपात हवा राहिलीय का?

जुहेब : नाय. कडक लागतंय. गियर पडला, आवाज नाय.

इद्रीस : तुझ्या पेणच्या दुकानात इतका वेळ लावतोस एका क्लचला? गिऱ्हाईक झोपत असेल बाकावर.

ताजुन्निसा : आता तरी गोड बोला त्याच्याशी.

इद्रीस : गोड बोलून गियर पडत नाय गो. जुहेब, हॉलवर माणसं असतील अजून?

जुहेब : असतील. पंगती चालू असतील.

इद्रीस : मग चल. मी येतो बरोबर.

जुहेब : कशाला? मी गाडी देतो, माफी मागतो, झालं.

इद्रीस : तू कसली माफी मागतोस? त्याने चार माणसांत मारलंय तुला. मला चार माणसांतच बोलायचंय. हैबतरावला फोन लाव, म्हणावं इद्रीस येतोय.

जुहेब : हा घ्या माझा फोन. तुम्हीच लावा, नंबर वरच हाय.

इद्रीस : तू लाव. मला आकडे दिसत नायत.